लहान ताट, सैल कोट

शिंप्याची स्वतःची पँट कमरेला दाटायला लागली, की त्यानं जायचं कुणाकडे? मास्तरांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आपली पँट आपणच ढिली केली. पुढं काही दिवसांनी पुन्हा केली. तिसऱ्यांदा शिवण उसवली तेव्हा आत राखलेली माया संपली होती, सोडायला बोटभर कापड उरलं नव्हतं. अख्ख्या रस्त्याच्या कमरा मापणारा माणूस, आणि त्याच्याच कमरेला पट्टा पुरेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं. साखर अगदी काठावर आली होती.

“मास्तर, गोळ्या आत्ताच नकोत,” त्या म्हणाल्या. “आधी ताट बदला. लहान ताट घ्या, निम्मं भाजीनं भरा, एकदाच वाढून घ्या, सावकाश जेवा. आणि येता-जाता तोंड चालवणं बंद करा.”

माणसाचा कान मोठा लबाड असतो. सोपं तेवढं आत घेतो आणि बाकीचं दारातूनच परत पाठवतो. मास्तरांनी त्यातलं लहान ताट तेवढं ऐकलं.

घरी जाताना त्यांनी भांड्यांच्या दुकानातून निळ्या काठाची लहान ताटं घेतली. स्वतःपुरतं एकच घेतलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण आपल्यापैकी पुष्कळांना स्वतः सुधारायचं म्हटलं की आधी घर सुधारावंसं वाटतं. एकट्यानं पथ्य पाळायचं जिवावर येतं. मास्तरांनी घरात जितकी माणसं तितकी ताटं घेतली, जुनी मोठी ताटं कागदात बांधून माळ्यावर टाकली आणि जाहीर केलं, “आजपासून या घरात सगळ्यांचं ताट सारखं. एकदा वाढलं की झालं. खाण्याला शिस्त पाहिजे.”

घरात माणसं तीनच. मास्तर, त्यांची बायको आणि सासूबाई. बायको इस्पितळाच्या लाँड्रीत दुपारच्या पाळीला जाई. सकाळी स्वयंपाक करून, डबा घेऊन ती बाहेर पडे, ती परत येईपर्यंत घरातली जेवणं आटोपलेली असत. त्यामुळं संध्याकाळी वाढायचं काम मास्तरांचं.

सासूबाई नवऱ्यामागं लेकीकडे राहायला आल्या होत्या. फुकट बसणं त्यांना ठाऊक नव्हतं. दुकानात येऊन काजं करायच्या, बटणं लावायच्या, दोरा तोडताना गुणगुणायच्या. पण पंगत असो की घर, जेवताना भांडं स्वतःकडे ओढून घ्यायचं त्यांच्या हाताला कधी वळणच नव्हतं. कुणी म्हणायचं, “आई, भात घेता?” की त्या म्हणायच्या, “नको.” पुन्हा विचारलं की “नको हो, पुष्कळ झालं.” आणि तिसऱ्यांदा विचारलं की ताट पुढं करून, “बरं, एवढं म्हणताय तर वाढा थोडा.” त्यांचं पहिलं ‘नको’ हे होकाराच्या वाटेवरचं पहिलं पाऊल होतं. मास्तरांना हे चांगलं माहीत होतं. या आग्रहावरच त्या जेवत होत्या.

शिस्त आली आणि आग्रह गेला. “आई, भात घेता?” हेही मास्तरांनी विचारणं सोडलं, कारण नियम म्हणजे नियम.

अशाच एका संध्याकाळी शेजारच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी जेवायला होते. मास्तर त्यांना लहान ताटाचं महत्त्व समजावत होते. उंटावरून शेळ्या हाकायला श्रोता मिळाला की माणूस रंगतो. तेवढ्यात सासूबाईंचा हात हळूच भाताच्या भांड्याकडे गेला. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच गेला असेल.

मास्तर हसत म्हणाले, “अहो आई, ताट लहान केलंय ते खेपा वाढवायला नव्हे!”

घड्याळजी खो-खो हसले. सासूबाईही हसल्या. “खरंच की,” म्हणून त्यांनी हात मागं घेतला आणि उगीच पाण्याचा पेला उचलला. त्यानंतर तो हात पुन्हा कधी भांड्याकडे गेला नाही.

आता मास्तरांची शिस्तही बघून घेऊ. जेवणं झाली की भांडी आवरायला तेच आत जात. भांड्यात भात उरलेला, भाजी उरलेली. अन्न वाया कसं घालवायचं? मग ओट्याशी उभ्या-उभ्या, डावानंच, मास्तर भांडं स्वच्छ करीत. ताटात घेतलं नाही, म्हणजे ते जेवणात धरायचं नाही! दुपारी बेकरीतून गरम पाव येई, तोही कागदावरच खाल्ला जाई. निळ्या काठाचं ताट मात्र रोज लहानच होतं, आणि मास्तर ते गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगत होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

थंडी सुरू झाली. सासूबाईंचा जुना कोट कोपरांवर विरला होता. मास्तरांनी त्यांच्यासाठी चांगलं जाड, करड्या रंगाचं कापड काढलं. मागच्या कोटाच्या मापाचा कापून ठेवलेला कागद खुंटीला होताच. गिऱ्हाइकाचं माप घेतल्याशिवाय कात्री न लावणारा हा माणूस. पण सासूबाई घरातल्याच, रोज डोळ्यांसमोर, त्यांचं माप नव्यानं काय घ्यायचं? जुना कागद कापडावर ठेवला, खडू फिरवला आणि कोट कापला.

कच्चे टाके घालून त्यांनी तो सासूबाईंच्या अंगावर चढवला आणि त्यांना आरशासमोर उभं केलं. खांदे दंडावर उतरले. पाठीला कापडाचा फुगा आला. बाहीतून नुसती बोटं दिसत होती.

“छे, कापण्यातच चुकलो,” मास्तर पुटपुटले.

इतक्या वर्षांत अशी चूक झाली नव्हती. त्यांनी कोट उतरवला, टेबलावर पसरला, कागद काढून कडेला कड लावून पाहिला. कात्री कुठंही चुकली नव्हती. मग गळ्यातला टेप काढून त्यांनी सासूबाईंच्या छातीभोवती धरला, कमरेभोवती धरला, दंडाभोवती धरला. टेपची टोकं नको तितकी एकमेकांवर आली. त्यांनी पुन्हा धरून पाहिला, माप तेच आलं.

“वय झालं की माणूस आटतंच, जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या. “तुम्ही जरा आत घ्या, म्हणजे बसेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी “आईंच्या खोकल्याचं औषध आणतो” असं बायकोला सांगून मास्तर सासूबाईंना डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. खरं का सांगितलं नाही, हे त्यांनाही कळत नव्हतं. किंवा कळत होतं.

डॉक्टरबाईंनी वजन केलं, छाती तपासली, पापणी खाली ओढून पाहिली.

“आजी, संध्याकाळी काय जेवता?”

“सगळं असतं हो. भात, भाजी, कधी अंडं, कधी मासा. आमच्याकडे आता लहान ताट असतं. फार शिस्त आहे घरात.” सासूबाई कौतुकानं सांगत होत्या.

“आणि परत वाढून घेता का?”

“नाही, नाही. जावईबापूंना ते चालत नाही. मी एकदा हात पुढं केला होता.” त्या मास्तरांकडे बघून संकोचानं हसल्या. “माझंच चुकलं. परक्या माणसासमोर त्यांना बोलावं लागलं. तेव्हापासून मी लक्षात ठेवलंय.”

मास्तरांचे कान तापले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. या बाईनं तक्रार केली असती तर त्यांनी चार सबबी सांगितल्या असत्या. पण तिनं त्यांचा दोष उचलून स्वतःच्या पदरात घेतला होता, आणि तोही इतके दिवस सांभाळून ठेवला होता!

डॉक्टरबाईंनी सासूबाईंना बाहेर बसवलं आणि मास्तरांना काट्यावर उभं केलं. त्यांचं वजन होतं त्याहून थोडं वाढलंच होतं.

“मास्तर, मग ताट लहान कुणाचं झालं?”

मास्तरांनी खाली मान घातली. उरलेलं कोण खात होतं, ते त्यांनी सांगून टाकलं. ओट्याशी उभं राहून खाल्लेला तो भात सासूबाईंच्या वाट्याचा होता, हेही त्यांनी आपणच कबूल केलं.

“लहान ताटाचा उपाय खोटा नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तुमच्यासारख्याला तो लागू पडतो, कारण मोठ्या ताटात डोळ्यांना कमीच वाटतं आणि हात वाढत जातो. पण भांड्यातून खाल्लेलं काय पोटात जात नाही? आणि या वयाला अंगातली ताकद आधीच ओसरत असते. त्यांना अंडं, मासा, डाळ, दूध वेळेवर आणि पोटभर मिळालं पाहिजे. तुम्ही दुकानात सगळ्यांना एकाच मापाचा कोट शिवता का?”

“नाही.”

“मग पोटं कशी एका मापाची केलीत? आणि एक सांगते. जो घरात स्वतःला आश्रित समजतो, त्याच्या खाण्यावर कधी थट्टा करू नये. आपण विसरतो. त्याचा घास मात्र तिथंच अडकतो.”

ते घरी आले तेव्हा बायको डबा भरत होती. मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. कोटाचं, काट्याचं, भाताचं, घड्याळजींसमोरच्या त्या थट्टेचं. मधे थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता.

ती ऐकत राहिली. शेवटी तिनं एवढंच विचारलं, “आई हात मागं घेत होती, तेव्हा तुम्ही हसत होतात?”

“हो.”

तिनं डब्याचं झाकण लावलं, मग पुन्हा काढलं. “आज मी पाळीला जात नाही,” ती म्हणाली आणि आईपाशी जाऊन बसली. दिवसभर ती मास्तरांशी बोलली नाही. तिनं बोलावं अशी अपेक्षा मास्तरांनीही केली नाही. आपल्या घरात एक म्हातारं माणूस अर्धपोटी उठतंय आणि आपण शिस्तीच्या गप्पा मारतोय, या लाजेनं त्यांना मशीनवर सरळ टीप घालता येईना.

संध्याकाळी त्यांनी घड्याळजींना मुद्दाम जेवायला बोलावलं. थट्टा चारचौघांत केली, तर माफी कोपऱ्यात मागून भागत नाही. माळ्यावरून एक मोठं ताट काढलं, घासून पुसून सासूबाईंसमोर मांडलं. स्वतःपुढं निळ्या काठाचं लहान घेतलं.

“आई,” ते उभे राहूनच म्हणाले, “त्या दिवशी घड्याळजींसमोर मी तुमची थट्टा केली. तुमचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती. तुमच्या वाट्याचं मी खाल्लं, आणि वर तुम्हालाच शिस्त शिकवली. मला माफ करा.”

घड्याळजींनी नजर ताटाकडे वळवली. “मीही हसलो होतो, आजी,” ते हळूच म्हणाले.

सासूबाईंची फार तारांबळ उडाली. “अहो, असं काय बोलता! जावयानं असं बोलायचं असतं का?” त्यांनी पदरानं डोळे टिपले, मोठं ताट थोडा वेळ न्याहाळलं आणि बाजूला सारलं. “हे नको. हे जड आहे, माझ्या हाताला झेपत नाही. ते निळं बरं आहे.” मग जरा थांबून, कुणाकडेही न बघता त्या म्हणाल्या, “फक्त पहिल्यासारखं विचारत जा.”

बायकोनं उठून निळ्या काठाचं ताट आणलं आणि आईपुढं ठेवलं. मग तिनं दिवसभरात पहिल्यांदाच नवऱ्याकडे पाहिलं. “विचारा की,” ती म्हणाली.

मास्तरांनी त्या लहान ताटात भात, भाजी आणि माशाचा मोठा तुकडा वाढला. सासूबाई सावकाश जेवल्या. ताट रिकामं झालं.

“आई, भात घेता?”

“नको.”

“थोडा?”

“नको हो, पुष्कळ झालं.”

“घ्या, आई.”

“बरं, एवढं म्हणताय तर वाढा.”

त्या दिवसापासून भांडी आवरायला बायको नाहीतर सासूबाई जाऊ लागल्या. मास्तरांना ओट्याशी उभं राहायची बंदी झाली. दुपारचा पाव बंद झाला. निम्मं ताट भाजीनं भरू लागलं. मास्तरांची पँट सैल व्हायला वेळ लागला, पण झाली. करडा कोट त्यांनी सासूबाईंच्या अंगाला बसेल इतका आत घेतला, मात्र कापड छाटलं नाही. सहज उसवता येतील असे टाके घातले.

वाचकहो, आपल्यापैकी कितीतरी घरांत आता खाण्याच्या सवयी बदलताहेत, आणि बदलायलाच हव्यात. ताट लहान करा, जरूर करा. पण आधी आपलं करा, आणि खरंच लहान करा. दुसऱ्याच्या ताटाला हात लावण्याआधी त्या माणसाला काय हवंय ते विचारा. आणि जे माणूस मागायला लाजतं, त्याला पुन्हा एकदा विचारा. घरातल्या कुणाचाही पुढं आलेला हात आपल्या हसण्यानं मागं जाऊ नये, एवढी शिस्त आपण पाळली तरी पुष्कळ आहे.

थंडी सरत आली तेव्हा सासूबाई एकदा दुकानात कोट घालून आल्या आणि म्हणाल्या, “जावईबापू, काखेत जरा दाटतोय हो.” मास्तरांनी कोट टेबलावर घेतला आणि आपणच घातलेले टाके एकेक करून उसवायला बसले.