बांधलेली आठ संत्री

साउ मावशींना त्यांच्या थोरल्या बहिणीनं एकच काम सांगून पाठवलं होतं. स्थळात खोट काय आहे तेवढं हुडकून यायचं. बहीण स्वतः आली असती तर पहिल्या घोटभर चहालाच विरघळली असती, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. मावशींचं तसं नव्हतं. दक्षिणेकडच्या का माउ भागात, खाऱ्या किनाऱ्यावर, तीस वर्षं त्यांनी कोळंबीची तळी सांभाळली होती. व्यापाऱ्यानं टोपली उचलली की त्यात बर्फ किती आणि कोळंबी किती, हे त्या नजरेनं सांगत.

भाची उयेनला घेऊन त्या लाय वुंग गावाला पोचल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती. टेट, म्हणजे चांद्र नववर्षाचा सण, आठ दिवसांवर आलेला. पाण्याच्या चरांच्या दोन्ही बाजूंनी संत्र्यांची झाडं अशी लगडली होती, की प्रत्येक फांदीखाली बांबूचा टेकू. मुलाचे, म्हणजे खांगचे, वडील ताम काका धक्क्यावर सामोरे आले. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, पण गृहस्थाचा सदरा इस्त्रीचा होता.

"या, विहीणबाई."

"अजून झाले नाही," मावशी म्हणाल्या.

घरचा कुत्रा मावशींवर भुंकला आणि उयेनच्या पायाशी लोळला. मुक्या जनावरालाही तरुण माणूसच आवडतं, असं मनात म्हणत मावशींनी सुक्या कोळंबीची पुडकी पुढे केली. जेवणात पानात गुंडाळून आंबवलेलं डुकराचं मांस, नेम, होतं, माशाचं आंबट सार होतं, आणि शेवटी परातभर संत्री आली. मावशींनी एक फोड तोंडात टाकली. इतकी गोड संत्री त्यांनी जन्मात खाल्ली नव्हती. ही नक्की शेजाऱ्याकडून आणली असणार.

संशय एकदा डोक्यात शिरला की मावशींना झोप लागत नसे. उजाडताच त्या चपला हातात घेऊन अंगणात उतरल्या. बागेकडे जाणारी लाकडी फळी दवानं निसरडी झाली होती. पण अंगणातच एका मोठ्या कुंडीत संत्र्याचं झाड उभं होतं, सणाला घरासमोर मांडायला घेतात तसलं, लालबुंद फळांनी गच्च भरलेलं. बागेतलं फळ काय आणि कुंडीतलं काय, माती एकच. मावशींनी दर्शनी बाजूचं एक फळ तोडलं, उभ्या उभ्या सोललं आणि खाल्लं. गोडच होतं. काल रात्रीपेक्षाही काकणभर जास्त.

मग त्यांचं लक्ष झाडावरच्या चिठ्ठीकडे गेलं. 'विकलं. सा देकचे औषधवाले. आज आठ वाजता.'

जिथलं फळ तोडलं होतं तिथं आता पुढचा दात पडल्यासारखं दिसत होतं. पण कोळंबीच्या जाळ्यांना टाके घालून ज्यांचा जन्म गेला, त्या अशा वेळी रडत बसत नाहीत. कुंपणालगतच्या झाडाचं एक फळ देठासकट तोडून त्यांनी पिशवीतून सुईदोरा काढला आणि ते रिकाम्या जागी बांधायला घेतलं.

दोरा ओढताना बोट शेजारच्या फळाच्या देठाला लागलं. तिथं हिरवी बारीक तार होती. त्याच्या शेजारच्यालाही तार. मावशींनी मोजली. सात फळं तारेनं बांधलेली होती.

त्यांना इतका आनंद झाला की दोरा तसाच लोंबत राहिला. खोट सापडली. पण ती सांगायची कशी? पहाटे परक्याच्या कुंडीत हात घालून काय करत होता, असं कुणी विचारलं तर?

"पांढरा दोरा लांबून दिसतो," मागून आवाज आला. ताम काका चरातल्या होडीत उभे होते, तोंडात दातांचा ब्रश. "हिरवी तार देऊ का?"

"देऊ नका. सात फळं बांधून झाड विकता आणि वर मला शहाणपण शिकवता?"

काकांनी चूळ भरली. "परवा बांधली, खरं आहे. पण ती सात काही मी खाल्ली नाहीत. तुमच्या भाचीनं खाल्ली."

"कधी? ती काल माझ्याबरोबर आली."

"अहो, गेल्या महिन्यात नाही का आली होती तीन दिवस? कुंडीतली तोडायची नसतात हे तिला माहीत नव्हतं, आणि तिला अडवायची आमच्या खांगची छाती नाही." एवढं बोलून काका थबकले. "तुम्हाला सांगितलं नव्हतं वाटतं तिनं."

मावशी फळीवर बसल्या. उयेन तेव्हा कान थो शहरात परीक्षेचा अभ्यास करत होती, असं घरात सगळ्यांना माहीत होतं. कुत्रा तिच्या पायाशी का लोळला, तेही आता लख्ख कळलं.

"आणि आम्ही तिकडे पंधरा दिवस खल करतोय," त्या म्हणाल्या, "मुलगी दाखवायला न्यायची का नाही."

काकांना हसू आवरेना. मावशींनी त्यांच्याकडे रागानं बघितलं, पण त्यांच्या हनुवटीवरचा दातांच्या पेस्टचा फेस पाहून राग काही नीट जमेना.

आठ वाजता औषधवाले छोटा टेम्पो घेऊन आले आणि कुंडीभोवती कौतुकानं फिरू लागले. काका नुसतेच डोकं खाजवत उभे.

"सांगा त्यांना," मावशी हळूच म्हणाल्या.

"तुम्हीच सांगा. आठवं तुमचं आहे."

मग मावशींनीच सांगितलं. "यातली आठ बांधलेली आहेत, साहेब. सात यांनी, एक मी."

औषधवाल्यांनी वाकून पांढरा दोरा पाहिला. "बरं झालं बोललात. सणाच्या दुसऱ्या दिवशी दारात फळं गळली असती तर बायकोनं वर्षभर मला ऐकवलं असतं." त्यांनी मागच्या कुंड्यांच्या ओळीतलं दुसरं झाड निवडलं. जरा वाकडं होतं, फळंही कमी, पण सगळी स्वतःची. काकांनी ते गाडीत चढवून दिलं आणि घाम पुसला.

तेवढ्यात उयेन बर्फ घातलेली कॉफी घेऊन आली.

"अभ्यास कसा झाला गं गेल्या महिन्यात?" मावशींनी विचारलं.

उयेननं आधी काकांकडे पाहिलं, मग झाडाकडे. "चांगला झाला, मावशी."

"सात फळांचा?"

"आईला सांगू नकोस ना."

"सांगणार आहे. पण पत्रिका छापून झाल्यावर."

दुपारपर्यंत पंचांगावरून दोघांची जुंपली. काकांना नव्या वर्षाचा दुसरा महिना हवा होता, कारण तेव्हा बागेत काम नसतं. मावशी म्हणाल्या, त्याच महिन्यात आमची तळी भरायची असतात, नवरीची मावशी चिखलात आणि वरात दारात, असं चालणार नाही. खांग मध्ये काही बोलायला गेला तेव्हा दोघांनी एकदमच त्याला गप्प केलं. शेवटी तिसऱ्या महिन्याच्या बारा तारखेवर तोडगा निघाला. काकांनी बांधलेली फळं एकेक करून सोडवली, आणि चौघांनी ती धक्क्यावर पाय सोडून बसून खाल्ली. तारेची सात जरा सुकली होती. मावशी म्हणाल्या, दोऱ्याचंच काय ते चांगलं निघालं, आणि काकांनी ते मान्य केलं.