मांडीवरची पिपालुक

माझी बायको पिपालुक गेल्याचं रेडिओवर कळलं, त्या दिवशी मी पर्यटकांच्या जहाजावर होतो, बर्फावर पसरलेले वालरस दाखवत. पुढच्या हिवाळ्यात भाचीला मुलगी झाली. गेलेल्या माणसाचं नाव पुढच्या बाळाला द्यायचं आणि नावाबरोबर नातंही द्यायचं, ही आमची ग्रीनलंडची रीत. त्यामुळे ती तान्ही पोर माझी बायको ठरली. सगळं गाव तिला पिपालुक म्हणू लागलं. मी मात्र 'बाळ' म्हणून वेळ मारून नेत होतो.

काल जहाज गावाला लागलं आणि पाहुणे माझ्या मेव्हणीकडे, मालिनाकडे, कॉफीला आले. मालिनाने पोर माझ्या मांडीवर ठेवली.

“ही यांची बायको,” तिने पाहुण्यांना सांगितलं.

एका म्हाताऱ्या बाईंनी जपून विचारलं, “लग्नाला किती वर्षं झाली?”

“एकतीस,” मी म्हणालो.

बाईंचा केक हातातच राहिला. तेवढ्यात पोरीने माझी मिशी धरून ओढली.

“बघा दाजी, नावाने हाक मारत नाही म्हणून रागावलीय! मारा की एकदा!”

सगळे हसले, मीही हसलो. मग तोंड उघडलं आणि म्हणालो, “चला, बाहेर देवमासे आलेत.”

देवमासे खरंच आले होते. पोरीला मी अजून त्या नावाने हाक मारलेली नाही.