लाइलची चार मिनिटं

ट्विलाने हातमोजा काढला आणि टाऊन हॉलच्या दारावर आतून चिकटवलेल्या निकालाच्या कागदावर, काचेवरूनच, बोट टेकवलं. काउंटी बोर्डाची निवडणूक. रिपब्लिकन एकशे अठरा. डेमोक्रॅट एक्क्याऐंशी. बोट खाली सरकलं. प्रेअरी पार्टी, व्हर्लिन हाउगस्टाड : तीन.

"तीन!" ती ओरडली. "एमेट, तीन आहेत रे!"

एमेटने चष्मा पुसला आणि तोच आकडा स्वतः दोनदा वाचला.

"आपण तीन, मतं तीन. म्हणजे या खेपेला फितूर कोणी नाही."

"उरलाय कुठे? त्याला तर आपण मागेच काढला." ट्विलाने तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. मागच्या बाकावर काय चाललंय ते आरशातून ओळखण्यात तिचा हात कोणी धरत नसे. "काय उमेदवारसाहेब, तोंड का असं? हरायची अजून सवय नाही झाली?"

"थंडी आहे," व्हर्लिन म्हणाला.

थंडी होतीच. पण व्हर्लिनला तो आकडा पटत नव्हता. तिथे दोन हवे होते.

दोन वर्षांपूर्वी सभासद चार होते आणि मतं तीन पडली होती. पंधरा दिवस चौघांनी एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघत कॉफी प्यायली. शेवटी ठपका लाइलवर आला. पुरावा एकच : लाइल मतदानाच्या आडोशात चार मिनिटं होता. ट्विलाने घड्याळ लावलं होतं.

"आपल्या माणसापुढचा गोल काळा करायला चार मिनिटं?" ती म्हणाली होती. "तो तिथे विचार करत होता."

पक्षात विचार करायला बंदी नव्हती. फक्त तो आडोशात करायचा नव्हता. अध्यक्ष, सचिव आणि उमेदवार व्हर्लिनच असल्यामुळे हकालपट्टीचा ठराव त्यानेच वहीत लिहिला. कारण : चार मिनिटं.

त्या वर्षी आडोशात व्हर्लिनला ऐनवेळी धडकी भरली होती. स्वतःला दिलेलं मत वाया जाणार, आणि मोठ्या पक्षांच्या त्या दोघांतला जास्त वाईट माणूस निवडून येणार. त्याने कमी वाईट माणसापुढचा गोल काळा केला. परवाही तेच केलं. मागच्या खेपेला कमी वाईट माणूस रिपब्लिकन होता, यंदा डेमोक्रॅट. दोघेही दणकून पडले. आणि त्याआधी दोन्ही वेळा महिनाभर व्हर्लिन दारोदार सांगत फिरला होता, की कुठलंही मत वाया जात नाही.

दुपारी तो लाइलकडे गेला. लाइल अंगणात सरपण रचत होता.

"तीन," लाइल मान वर न करता म्हणाला. "वाचलं मी सकाळी. चार हवी होती."

व्हर्लिन सरपणाजवळ येऊन उभा राहिला.

"दोन वर्षं मला वाटत होतं, एमेट असणार. त्याची मेहुणी डेमोक्रॅट आहे." लाइलने आणखी एक ओंडका नीट बसवला. "पण एमेट आला नाही. ट्विला आली नाही. आलास तू."

"काढून टाकल्यावरही मत दिलंस?"

"पक्षातून काढलंत ना. मतदारयादीतून नाही."

"आणि ती चार मिनिटं?"

"पेन उमटत नव्हतं. तिथल्या बाईकडे दुसरं मागायला लाज वाटली, म्हणून घासत बसलो. तेव्हाही सांगितलं होतं मी. सगळ्यात मोठ्याने तूच हसलास."

व्हर्लिनने खाली पडलेला एक ओंडका उचलून त्याच्या हातात दिला.

"परत ये पक्षात."

"ठराव लागेल. ठरावाला कारण लागेल." लाइलने पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. "लिहिशील?"

मंगळवारी डायनरमधल्या नेहमीच्या टेबलाशी बैठक भरली. बसण्याआधी व्हर्लिनने शेजारच्या टेबलाची एक खुर्ची ओढून आणली.

"ही कोणासाठी?" ट्विलाने विचारलं. मागच्या बाकावर काहीतरी शिजत असल्यासारखं ती त्याच्याकडे बघत होती. "तीनच्या तीन मतं पडली आपली. आता कोणाला घुसवतोयस?"

"लिहितो आणि वाचून दाखवतो," व्हर्लिन म्हणाला.

त्याने वही उघडली. तारीख घातली. हजर सभासद : तीन. ठराव क्रमांक एक : लाइलला पक्षात परत घेण्यात येत आहे. मग पुढच्या ओळीवर 'कारण' लिहून दोन टिंबं दिली, आणि पेन तिथेच थांबलं.

कॉफी आली. एमेटने साखर घालून ढवळली, अर्धा कप संपवला.

"पेन चालत नाहीये का रे?" त्याने विचारलं आणि खिशातलं स्वतःचं पेन पुढे केलं.

"चालतंय," व्हर्लिन म्हणाला.

ट्विलाने मनगटावरची बाही मागे सारली आणि घड्याळाकडे पाहिलं.