रोजची नऊ मिनिटं

"रुपा हेडाऊ कोण?" जिल्ह्याच्या कार्यालयातून आलेल्या अनुपने हातातला कागद पाहत विचारलं.

"मी जी," म्हणत रुपा झटकन खुर्चीतून उठली. खुर्ची बडेबाबूंची, म्हणजे हेडक्लार्क मधुकररावांची. बाहेरचं कोणी आलं की तिने उठायचं आणि मधुकररावांनी चष्मा चढवून तिथे बसायचं, असं पवनीच्या त्या सरकारी कार्यालयात बारा वर्षं चाललं होतं.

रुपा कंत्राटी ऑपरेटर. घरचा माग बंद पडला त्या वर्षी ती टायपिंग शिकली आणि इथे लागली. मधुकररावांना कॉम्प्युटर कधी जमलाच नाही. "बेटा, माह्या नावानं तूच उघड. काम झालं म्हंजे झालं," ते म्हणायचे. हळूहळू बाकीचेही म्हणू लागले. पाच जणांचे पासवर्ड तिला तोंडपाठ होते. स्वतःच्या नावाने ती सकाळी फक्त हजेरी लावायची.

दोन महिन्यांपूर्वी सगळ्या कॉम्प्युटरांवर एक नवं सॉफ्टवेअर बसवलं गेलं. कोण कोणत्या नावाने आत शिरलं, किती वेळ काम केलं, किती फायली उघडल्या, किती पानं छापली, सगळी नोंद त्यात होई. त्याचाच अहवाल अनुप घेऊन आला होता.

"मॅडम, तुमचा वापर रोजचा नऊ मिनिटं. बडेबाबूंचा सहा तास दहा मिनिटं! जिल्ह्यात दुसरा नंबर आहे त्यांचा."

"सायेब, ते सहा तास माहेच आहेत," रुपा म्हणाली. "बडेबाबूच्या नावानं मीच काम करून राहिली."

अनुपने कागद खाली ठेवला. "दुसऱ्याचा पासवर्ड वापरता? हे लिहिलं तर तुमच्यावर कारवाई होईल, मॅडम." मग तो मधुकररावांकडे वळला. "खरं आहे का जी हे?"

मधुकररावांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "कधीमधी मदत करते पोरगी. बाकी... माहं मीच करतो."

आजूबाजूच्या टेबलांवर माना खाली गेल्या. रुपाने एकेकाकडे पाहिलं. मान कुणीच वर केली नाही.

पंधरा दिवसांनी आदेश आला. वापर अत्यल्प असल्याने ऑपरेटरचं पद बंद. त्याच टपालात मधुकररावांच्या अभिनंदनाचं पत्र होतं. रुपाचं कार्यमुक्तीचं पत्र तेवढं पवनीच्या कार्यालयाने तयार करायचं होतं.

मधुकरराव सवयीने खुर्चीतून उठले. "बेटा, तेवढं एक पत्र..." म्हणाले आणि मध्येच थांबले.

"कोनाच्या नावानं उघडू, बडेबाबू?"

ते पुन्हा बसले. रुपा अर्जदारांच्या लाकडी बाकावर जाऊन बसली. तिथे अड्याळहून आलेला एक म्हातारा दाखल्यासाठी ताटकळत होता.

मधुकरराव एका बोटाने अक्षरं शोधत होते. एक उमटे, दोन पुसली जात. अर्धा तास गेला.

"रुपा, तुह्या आडनावातला ऊ कुठी रायते वो?"

बारा वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या हाकेला ती उठली नाही.

"लय टाइम लागन वाटते," म्हातारा पुटपुटला.

"हो जी. लागन."

पत्र हाती आलं तेव्हा चार वाजून गेले होते. ओळी वाकड्यातिकड्या होत्या आणि आडनाव 'हेडाउ' असं छापलं होतं. रुपाने पर्समधून पेन काढला, उ खोडून त्यावर ऊ लिहिला आणि खाली पोच म्हणून सही केली. मधुकरराव त्या सहीकडे पाहत राहिले. तिचं अक्षर किती वळणदार आहे, हे त्या कार्यालयात आजवर कुणी पाहिलंच नव्हतं.