बेटावरची शेळी

गिरजाबाई अमेरिकेत, अर्विंगला मुलाच्या घरी आल्या, तेव्हा त्या घरात कशाची म्हणून कमी नव्हती. नळ फिरवला की गरम पाणी, दुकानात गेलं की ज्वारीचं पीठ, अगदी आंबाडीची भाजीसुद्धा. कमी होती ती माणसांची. खिडकीशी बसावं तर समोर गाड्यांची रांग. गाडीतून एखादा माणूस उतरायचा, दारापर्यंत काय चार पावलं चालायचा तेवढाच, आणि दार लागायचं. मग पुन्हा नुसतं ऊन.

हिंगणघाटला त्यांनी उभा जन्म अंगणवाडी चालवली होती. कानाशी पोरांचा कलकलाट नसला तर त्यांना घास गोड लागत नसे. मागच्या वर्षी नवरा, दादाराव, गेले. घर शांत झालं आणि गिरजाबाईही शांत झाल्या. तेव्हा प्रफुल्ल हट्टानं त्यांना इकडे घेऊन आला. पण इथली शांतता तिथल्यापेक्षा मोठी निघाली. सून हर्षिता जिवाला जीव देणारी, पण औषधांच्या दुकानात तिची शनिवारीसुद्धा ड्यूटी. प्रफुल्ल घरात असला तरी कॉम्प्युटरच्या पडद्यापुढे. विचारलं, "जेवलीस का आई?" की त्या म्हणायच्या, "जेवली न बाबू." तेवढंच संभाषण.

शनिवारी सकाळी मात्र घरात आवाज यायचे. प्रफुल्लचे नागपूरच्या कॉलेजातले तीन मित्र होते. अनुप फ्रीमाँटला, मोनाली रेडमंडला, सत्यजित कुठे तरी बोस्टनकडे. शनिवारी सकाळी चौघं मिळून ऑनलाइन गेम खेळायचे. समुद्रातलं एक बेट. चौघं आपले, चौघं समोरच्या टीमचे. किनाऱ्यावरून पेटती मशाल घ्यायची आणि डोंगरावरच्या बुरुजापर्यंत न्यायची. ज्याची मशाल आधी पोचली तो जिंकला. वाटेत मारामारी. एकानं मशाल धरायची, दोघांनी लढायचं आणि चौथ्यानं वैद्य व्हायचं, म्हणजे पडलेल्याला झाडपाला देऊन उठवायचं. प्रफुल्ल वैद्य होता.

एका शनिवारी खेळ ऐन रंगात आला असताना प्रफुल्लला ऑफिसचा फोन आला. "आई, एवढं बटण दाबून धर, माझा माणूस चालता राहू दे," असं म्हणून तो आतल्या खोलीत पळाला.

गिरजाबाईंनी बटण दाबलं. पडद्यावरचा माणूस चालू लागला. दुसरं दाबलं तर वळला. चालता चालता तो वाट सोडून एका पडक्या भिंतीकडे गेला. तिथे एक पांढरी शेळी उभी होती. शेळीला खेळात काडीचं काम नव्हतं; कुणी तरी आपलं चित्राला शोभा म्हणून ठेवली असावी. गिरजाबाईंनी चुकून तिसरंच बटण दाबलं आणि वैद्याच्या हातातला पाला पुढे झाला. शेळीनं तो खाल्ला, बें केलं आणि मागे मागे चालू लागली.

फोन संपवून प्रफुल्ल दाराशी आला आणि तिथेच थबकला. आई हसत होती. पदर तोंडाशी लावून, खांदे हलवत, पूर्वी अंगणवाडीत हसायची तशी. बाबा गेल्यापासून त्यानं ते हसू पाहिलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी त्यानं स्वतःहूनच खुर्ची दिली. बोलणं त्याचं, हात आईचे. आईला ऐकू यावं म्हणून मित्रांचे आवाज त्यानं स्पीकरवर ठेवले आणि आपण बोलायचं असलं की माइकचं बटण दाबायचं, नाही तर तो बंद. मित्रांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सांगायचं राहिलं, आणि मग सांगायची सोयही राहिली नाही. कारण याच सुमारास अनुपनं टीमचं नाव इथल्या भारतीयांच्या असोसिएशनच्या लीगमध्ये, म्हणजे स्पर्धेत, घातलं. आता प्रत्येक खेळाचा रँक लागायचा, आणि खेळ झाला की अनुप मीटिंग घ्यायचा.

"चला टीम, रेट्रो घेऊ. तीन कॉलम: काय चांगलं झालं, काय वाईट झालं, पुढच्या आठवड्याचे ॲक्शन आयटम."

"अरे यार, सोमवार ते शुक्रवार हेच करतो आपण," सत्यजित कण्हायचा. "शनिवारी तरी मॅनेजर होऊ नको."

"जिंकायचंय ना? मग सिरियसली घ्या. मी स्क्रीन शेअर करतोय. हा प्रत्येकाचा ग्राफ. प्रफुल्ल, तुझा बघ. घसरगुंडी झालीय."

"हो यार. बघतो."

"मी बुरुजाजवळ मरून पडलो होतो. वैद्य कुठं होता? लक्ष कुठं असतं तुझं?"

वैद्य कुठे होता ते गिरजाबाईंना नीट माहीत होतं. त्या प्रफुल्लकडे पाहायच्या. तो डोळे मिचकावून म्हणायचा, "चालतं गं आई. गंमत आहे ती." त्यांना इंग्रजी शब्द कळत नव्हते, पण पोरगा खोटं बोलतो तेव्हा कान चोळतो हे कळत होतं.

मग तो शनिवार आला. त्या दिवशी गिरजाबाईंनी शेळीकडे बघितलंसुद्धा नाही. जीव तोडून डोंगर चढल्या, दोनदा दरीत पडल्या, आणि तरी टीम हरलीच. रेट्रोत अनुपनं ग्राफ दाखवला नाही.

"प्रफुल्ल, वाईट वाटून घेऊ नको," अनुप म्हणाला. "लीगपुरता तू बाजूला राह. माझ्या ऑफिसातला एक जण आहे, तो वैद्य खेळेल. लीग झाली की बघू."

प्रफुल्लनं माइकचं बटण दाबलं. "ठीक आहे यार. टीमसाठी बरोबर आहे," म्हणाला आणि बटण सोडून कान चोळू लागला.

दादाराव दवाखान्यात होते तेव्हा हा पोरगा इथे विमानाच्या तिकिटासाठी तडफडत होता. विमानात बसेपर्यंत याच तिघांनी फोन खाली ठेवला नव्हता. आणि तिकडे नागपूरच्या दवाखान्यात अनुपचे वडील डबा घेऊन उभे होते. एवढ्या मोठ्या मुलखात प्रफुल्लचं गणगोत म्हणजे हे तिघं आणि ही एक सकाळ. आणि ती आपण शेळीला खाऊ घातली, असं गिरजाबाईंच्या मनानं घेतलं.

"तू सांगत कायले नाही त्याइले? माही आई खेळते म्हणून?"

"सांगितलं की ते तुला नको म्हणतील. तुला आवडतं ना?"

"नाही बापा. डोळे दुखतात माहे. मले नाही खेळा लागत आता."

पुढच्या शनिवारी प्रफुल्ल सवयीनं पडद्यापुढे बसला. खेळता येत नव्हतं. चौघांचा खेळ नुसता बघता येत होता. तो बघत बसला. ऑफिसातला नवा माणूस वैद्य होऊन सुसाट धावत होता आणि मित्र "नाइस! नाइस!" म्हणत होते. प्रफुल्लनं थोडा वेळ पाहिलं, मग उगाचच हसून म्हणाला, "चांगला खेळतो हा. चहा ठेवतो आई, तुला पण," आणि स्वयंपाकघरात गेला. नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरूच राहिला.

अंगणवाडीत एखादं पोर रडायला तोंड लपवून रांजणाआड जायचं, तेव्हा गिरजाबाई त्याच्या मागे जात नसत. ज्यांनी खेळातून काढलं त्यांच्याकडे जायच्या. त्या खुर्चीत बसल्या. पडद्यावरचा खेळ संपलेला दिसला. नवा माणूस बाय म्हणून गेला. त्यांनी बोटानं माइकचं बटण चाचपलं आणि दाबलं.

"अनुप. मी गिरजाबाई बोलते. प्रफुल्लची आई."

"अरे! काकू! जय भीम काकू. बऱ्या आहात ना?"

"जय भीम बाबू. तुले एक सांगाचं होतं. इतके शनिवार तो नव्हता खेळत, मी खेळत होती. बटणं माह्या हाती होती. त्याचा काही दोष नाही. आता मी हात लावत नाही. त्याले परत घ्या."

मग सत्यजितचा आवाज आला, हळू, जपून: "काकू, म्हणजे मी मशाल घेऊन ओरडत होतो आणि माझा वैद्य शेळीला पाला देत होता, ते तुम्ही?"

"मीच."

सत्यजित जो खो खो हसत सुटला तो थांबेना. मोनालीही हसत होती. अनुपचा आवाजच मोकळा झाला. "अहो काकू, आधी नाही का सांगायचं! म्हणजे प्रफुल्लचा खेळ चांगलाच आहे. मी म्हणतच होतो, हा असा कसा घसरला. मग काही प्रश्नच नाही. पुढच्या शनिवारपासून तो परत आत. झालं!"

झालं. मागितलं होतं ते मिळालं होतं. गिरजाबाईंनी बटण सोडायला हवं होतं. पण त्यांचं बोट उठेना. अनुपच्या त्या मोकळ्या आवाजातच काही तरी त्यांना कुसळासारखं बोचलं.

"अन् नसता चांगला तर?"

"काय काकू?"

"तोच असा खेळत असता तर? शेळीपाशी रमत असता, डोंगरावरून पडत असता. मंग?"

नळ बंद झाला होता. प्रफुल्ल ओल्या हातांनी दाराशी येऊन उभा होता, "आई, हे काय..." एवढंच म्हणाला.

मोनाली बोलली. "काकू, मागं एकदा मी नदीपाशी पडले होते. आठवतं? आम्ही हरतच होतो, मला उठवून काही उपयोग नव्हता. हे दोघं पुढं गेले. पण वैद्य एवढ्या लांबून परत आला, मला पाला दिला आणि जवळ उभा राहिला. ते तुम्ही होतात. या अख्ख्या लीगमध्ये मला आवडलं ते तेवढंच. मला शुक्रवारपासून धडधडायला लागतं आता. अप्रेझल असल्यासारखं. मी पण सोडणारच होते."

"मोनाली, तू बोलली का नाहीस?" अनुप म्हणाला.

"रेट्रोत बोलू? कुठल्या कॉलममध्ये?"

यावर सत्यजितलाही हसू आलं नाही.

"बाळांनो," गिरजाबाई म्हणाल्या, "आमच्या अंगणात लंगडी चालायची तं एखादं लेकरू लहान राह्यचं. त्याले नीट पळता नाही येत. म्हणून काय त्याले ओट्यावर बसवत होते? त्याले काय म्हणत होते, सांगा बरं?"

"लिंबूटिंबू!" मोनाली.

"आमच्याकडं कच्चा लिंबू म्हणायचे," सत्यजित.

"काहीही म्हण. आऊट झालं तरी ते आऊट नाही. पकडलं तरी सोडाचं. पण ते खेळात राह्यचं. अन् त्याच्यावाचून खेळ सुरूही नाही व्हायचा."

"काकू, या गेममध्ये तशी सोय नाही," अनुप हळूच म्हणाला. "इथं सगळं मोजलं जातं."

"मोजू दे न गेमले. तुम्ही कायले मोजता?"

अनुप बोलला तेव्हा त्याच्या आवाजातला मॅनेजर कुठे तरी निघून गेला होता. हॉस्टेलमध्ये असताना सुटीला हिंगणघाटला यायचा आणि दोन भाकरी जास्त खायचा, त्या पोराचा तो आवाज होता. "काकू, ऑफिसात रोज कुणाला तरी काढतायत. सोमवारी दाराशी बॅज चालेल की नाही माहीत नसतं. निदान इथं तरी आपण वर चाललोय असं वाटायचं हो. चुकलं माझं. प्रफुल्ल, आहेस का?"

"आहे," प्रफुल्ल मागून म्हणाला.

"सॉरी यार."

"चहा उतू जातोय माझा," प्रफुल्ल म्हणाला, पण जागचा हलला नाही.

"जा की मग!" सत्यजित ओरडला. "आणि येताना काकूंना चष्मा दे. एक मॅच होऊन जाऊ दे. काकू लिंबूटिंबू."

"मी नाही बापा. माहे डोळे..."

"आई," प्रफुल्ल म्हणाला, "खोटं बोलताना तू पदराशी चाळा करतेस."

त्यांनी हातातला पदर पटकन सोडला.

खेळ सुरू झाला. प्रफुल्ल आईच्या शेजारी स्टूल घेऊन चहा भुरकत बसला. आता माइक बंद ठेवायचं कारण नव्हतं. मोनाली आणि सत्यजित भांडत भांडत पुढे निघाले. मशाल अनुपच्या हातात होती. तो नेहमीसारखा डोंगराच्या दिशेनं सुसाट सुटला, अर्ध्या वाटेवर थांबला आणि मागे वळला.

"काकू, ती शेळी नेमकी कुठं असते हो?"

"ये माह्या मागं."

पडक्या भिंतीपाशी दोघं पोचले. अनुप मशाल घेऊन थेट शेळीवरच चालून गेला आणि ती उडी मारून बाजूला झाली.

"असा अंगावर नको जाऊ रे, बुजते ते. पाला पुढं कर अन् उभा राह्य."

"माझ्याकडं पाला नाही, मी वैद्य नाही."

"हा घे माह्यातला."

वर डोंगरावर समोरच्या टीमची मशाल बुरुजाकडे चढत होती. सत्यजितनं हाक मारली, "अन्या, कुठं मेलास? पळ! हरतोय आपण!"

"थांब रे," अनुप म्हणाला. "खातेय ती."