सरहद्दीवरचा कांदा

नवनाथने टोपी कानांपर्यंत ओढली आणि मगच व्हिडिओ कॉल उचलला. शेजारी खाटेवर सावळाराम बसला होता, कांद्याचा व्यापारी. रोज कॉलच्या वेळेला स्वारी बरोबर हजर.

पडद्यावर धर्माजी, नवनाथचा बाप. बोरीहून ट्रकभर कांदा घेऊन बांगलादेशच्या सरहद्दीवर गेलेला आणि पंधरा दिवस गेट बंद म्हणून तिथंच अडकलेला. तिथं नवा रस्ता झाला, मालाच्या गाड्या उतरवायला मोठं मालतळ झालं, तेव्हापासून बोरीच्या कांद्याला बरे दिवस आले होते. आळीतल्या सहा घरांचा माल त्या एका गाडीत होता. ताडपत्री रोज उघडली नाही तर कांद्याला घाम सुटतो आणि तो नासतो. धर्माजी निघून आला तर गाडीकडे कोण बघणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

म्हणून नवनाथची आई सारजाबाई वारली तेव्हा सावळाराम म्हणाला, "माल उतरेस्तवर धर्माजीला कळवायचं न्हाई." आणि काय सांगावं, जाणत्या माणसांनी माना डोलावल्या! नवनाथनेही डोलावली. आईला अग्नी देऊन आल्यावर त्याच संध्याकाळी त्याने बापाला सांगितलं, आई मळ्यात गेलीय. पुढं रोज तेच. दहाव्याला केस उतरवले, त्या दिवशीही तेच.

"उतरला रे माल!" धर्माजी ओरडला. "सकाळी गेट उघडलं. एक गोणी खराब न्हाई!"

"वा रे पठ्ठ्या!" सावळारामने मांडीवर थाप मारली. मग हळूच म्हणाला, "नवनाथ, सांग आता त्याला."

नवनाथने टोपी काढली.

धर्माजी त्या गुळगुळीत डोक्याकडे बघत राहिला. मागे हॉर्न वाजत होते.

"कवा?"

"बारा दिवस झालं, दादा. गाडी सोडून आला असता तुमी, म्हणून..."

"शेजारचा पंजाबी ड्रायव्हर बापाच्या मातीला गेला व्हता," धर्माजी म्हणाला. "त्याची ताडपत्री आठ दिवस मीच उघडली. इथं समदे एकमेकांचं बघत्यात. माझीबी उघडली असती कुणीतरी. एक फोन करायचा व्हता रं."

नवनाथ रडायला लागला. सावळारामने त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"लई वाईट झालं, धर्माजी," तो म्हणाला. "पण आता तशी घाई न्हाई. तर गाडी रिकामी आणू नगंस, परतीचं भाडं बघूनच ये."

नवनाथने फोन परत मागितला नाही.