सातवा प्रश्न

ओट्यावरची ताटली घसरली आणि टण्णकन वाजली. मी दचकून पाळण्याकडे पाहिलं. धाकट्याने झोपेतच ओठ चोखले आणि कूस बदलली. एरवी दुपारी असला आवाज कानावरही आला नसता, कारण डोक्यावर, वरच्या मजल्यावर, शिवणवालीचं मशीन खडखडत असायचं. तीन दिवस झाले, ते बंद होतं.

जगभरची माणसं कशी राहतात, काय घालतात, काय खेळतात, हे सांगणारी मुलांची पुस्तकं शाळांना पुरवणाऱ्या एका प्रकाशनाचं काम मी घरबसल्या करते. कुठलं पान कुठल्या वयाला झेपेल, ते ठरवायचं. मी मोठीला कुशीत घेऊन पान वाचते आणि ती जे विचारेल ते पेन्सिलीने समासात जसंच्या तसं उतरवते. तीनपेक्षा जास्त प्रश्न आले, तर पान त्या वयाला जड. हा नियम माझाच. मांडीवर बाळ आणि दातांत पेन्सिल अशा अवस्थेत सुचलेला. संपादकबाईंना तो इतका आवडला, की त्यांनी सगळ्यांनाच लावला.

गेल्या वर्षी मोठी पाच वर्षांची होती. एकोणिसाव्या पानावर होड्यांवर राहणारे लोक आले. होडीतच चूल, होडीतच पाळणा, आणि बाळ पाण्यात पडू नये म्हणून त्याच्या कमरेला दोरी. पोरगी हरखूनच गेली. सात प्रश्न विचारले. मी सातही लिहिले आणि नियमाप्रमाणे पानावरचं पाचाचं वय नऊ केलं. खोटं कशाला सांगू, मनातून फुशारलेही होते. केवढं डोकं चालतं माझ्या लेकीचं!

आज सकाळी तेच पान परत आलं. सोबत एक फॉर्म. ‘पान वगळावे. कारण : बालमनात गोंधळ. पुरावा : सोबत जोडला आहे.’ पुरावा म्हणजे माझा समास. चार वाजता प्रकाशनाच्या कचेरीचा माणूस तो सही करून न्यायला येणार होता.

मी संपादकबाईंना फोन लावला.

“बाई, ती गोंधळली नव्हती हो. तिला आवडलं होतं ते पान.”

“प्रश्न सात होते की नाही?”

“होते.”

“मग झालं तर! नियम तुमचा, अक्षर तुमचं.” त्या हसल्या. “सही करा आणि मोकळ्या व्हा. उगाच साप साप म्हणून भुई धोपटू नका.”

“पण नऊचं केलं होतं ना? वगळायचं कशाला?”

“होडीवाल्यांची पानं सगळ्याच पुस्तकांतून निघतायत. वरून आलंय तसं. आणि तुमच्या समासाचं वरती फार कौतुक झालं बरं का. सातव्या प्रश्नाचं तर विशेष.”

फोन ठेवून मी सातवा प्रश्न वाचला. ‘वरच्या मजल्यावरच्या भिंगरीची आजीपण अशाच होडीत राहायची. मग भिंगरी त्यांच्यातलीच ना?’

आणि खाली, माझ्या नीटनेटक्या सवयीप्रमाणे, माझं नाव आणि घराचा पूर्ण पत्ता.

भिंगरी म्हणजे शिवणवालीची लेक. एका जागी ठरायची नाही, म्हणून मोठीने ठेवलेलं नाव. चार दिवसांपूर्वी दोन माणसं फाईल घेऊन जिना चढत होती. “कोण हवंय?” मी विचारलंही होतं. “पत्ता आहे आमच्याकडे,” त्यांतला एक म्हणाला होता, अगदी गोड आवाजात. दुसऱ्या दिवशी सकाळी वर कुलूप होतं आणि आमच्या दाराच्या कडीला एक पिशवी अडकवलेली. आत मोठीचा फ्रॉक. एक बाही शिवलेली, दुसरी नुसती टाचण्यांनी लावलेली.

मी खोडरबर घेतला आणि सातवा प्रश्न घासत सुटले. कागद फाटायला आला, अक्षरं जागची हलेनात. ती झेरॉक्स होती. माझं मूळ पान कुणाच्या फायलीत होतं, देव जाणे.

“आई, बघ!” मोठी तोच फ्रॉक चढवून आली होती. टाचण्या लावलेली बाही कोपरापाशी लोंबत होती. “इकडून मी थंडीतली, इकडून उन्हाळ्यातली!”

“काढ आधी तो. टोचेल.”

“काढते. पण धुऊ नकोस हं. भिंगरीची आई आली की लावेल दुसरी बाही.”

मी तिला जवळ ओढून एकेक टाचणी काढली. तिला एकदाही टोचलं नाही, एवढंच काय ते माझ्याच्याने झालं.

चारला बेल वाजली. ‘वगळावे’वर मी आडवी रेघ मारली, शेजारी लिहिलं, ‘पाच वर्षांपासून योग्य’, आणि सही केली.

कचेरीच्या माणसाने दारातच फॉर्म उलटसुलट करून पाहिला. “ताई, काहीतरी चुकलंय तुमचं.”

“चुकलं होतं. आता बरोबर आहे.”

“बघा हं. दुसरा कोरा फॉर्म आहे माझ्याकडे.”

“नको.”

त्याने कागद घडी करून पिशवीत टाकला. मग माझ्या खांद्यावरून आत पाहिलं, आधी पाळण्याकडे आणि मग मोठीकडे. “हीच का ती, खूप प्रश्न विचारणारी?” त्याने हसून विचारलं. मी दार लोटलं आणि आतून कडी घातली. त्याची पावलं जिन्यावर वाजायला बराच वेळ लागला.

मोठी माझ्या पदराशी येऊन उभी राहिली. “आई, एक विचारू? एकच आहे. तीनच्या आत.”

“विचार.”

“भिंगरी कुठे गेली, ते कळायला मी किती वर्षांची व्हायला हवी?”